मानेच्या मणक्याची शस्त्रक्रिया : गुण किती वर्षे टिकतो?

मानेचे ऑपरेशन ठरले की घरात दोन परस्परविरोधी दाखले हमखास पुढे येतात. कुणाच्या मामांना ऑपरेशन होऊन वीस वर्षे झाली आणि ते ठणठणीत आहेत. कुणाच्या शेजाऱ्यांना सहाव्याच वर्षी पुन्हा टेबलावर जावे लागले. दोन्ही दाखले खरे असू शकतात. ‘मानेचे ऑपरेशन’ या एकाच नावाखाली निरनिराळे आजार आणि निरनिराळ्या शस्त्रक्रिया मोडतात. शिवाय एकाच रुग्णाच्या बाबतीतही गुण टिकण्याचा हिशेब तीन ठिकाणी स्वतंत्रपणे चालतो : दाबलेल्या नसेत किंवा मज्जारज्जूत, जिथे शस्त्रक्रिया झाली त्या मणक्यांत, आणि हात न लावलेल्या उरलेल्या मानेत. हे तीन हिशेब एकमेकांत मिसळले की रुग्णाची दिशाभूल होते. माझे म्हणणे थोडक्यात असे : शस्त्रक्रिया केलेली जागा एकदा नीट जुळली की ती बहुधा जन्मभर साथ देते, मज्जारज्जूला जे परत मिळायचे ते मुख्यतः पहिल्या वर्षात मिळते आणि बरेचसे टिकते, उरलेल्या मानेची झीज मात्र चालूच राहते. ‘ऑपरेशन फेल गेले’ असे ज्याला म्हटले जाते, त्यातला मोठा भाग या तिसऱ्या खात्यातला असतो.

मानेत सात मणके असतात. पहिल्या दोन मणक्यांमध्ये गादी नसते. दुसऱ्याच्या खाली प्रत्येक जोडीत एक गादी असते. सर्वांत जास्त झीज पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांच्या मधल्या गाद्यांची होते. गादी मागे सरकली किंवा तिच्या कडेला हाडाची टोके वाढली की बाजूने बाहेर पडणारी नस दाबली जाते. मग मानेतून खांदा, दंड आणि थेट अंगठ्यापर्यंत किंवा मधल्या बोटापर्यंत कळ जाते, मुंग्या येतात, कधी हातातला जोर कमी होतो. दाब मधोमध आला तर मज्जारज्जूच चेपला जातो. हा प्रकार फसवा आहे, कारण त्यात दुखणे अनेकदा नसतेच. शर्टाची बटणे लावायला वेळ लागतो, भाताचा घास बोटांत नीट धरता येत नाही, सही जुळत नाही म्हणून बँकेतून चेक परत येतो, चालताना चप्पल पायातून निसटते आणि ते कळतही नाही. घरचे म्हणतात, वय झाले.

दवाखान्यात यासाठी एक साधी चाचणी करतात. हात पुढे धरायचा आणि दहा सेकंदांत होईल तितक्या वेगाने मूठ पूर्ण वळायची, पूर्ण उघडायची. निरोगी माणसाला हे वीस वेळा तरी जमते. मज्जारज्जू दाबला गेला असेल तर आकडा खाली येतो. बोटे ताणून उघडताना करंगळी आणि अनामिका मागे रेंगाळतात. मूठ सुटावी म्हणून मनगट नकळत खाली झुकते. शस्त्रक्रियेचा गुण किती आला आणि वर्षानुवर्षे किती टिकला, हे पाहायला एमआरआयच्या चित्रापेक्षा ही मूठ मला अधिक भरवशाची वाटते.

नस दाबली जाणे आणि मज्जारज्जू दाबला जाणे हे दोन आजार वेगळे ठेवले नाहीत, तर ‘किती वर्षे टिकते’ या प्रश्नाला अर्थच उरत नाही. टिकण्याची तुलना कशाशी करायची, तर शस्त्रक्रिया केली नसती तर काय झाले असते त्याच्याशी. नसेच्या बाबतीत हे चित्र बरेच आश्वासक आहे. कुरुपथ राधाकृष्णन हे केरळचे मज्जाविकारतज्ज्ञ. पुढे ते तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेचे संचालक झाले. त्यांनी अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये असताना सहकाऱ्यांसह रॉचेस्टर शहरातल्या १९७६ ते १९९० या काळातल्या ५६१ रुग्णांचा अभ्यास केला आणि तो १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी साधारण एक चतुर्थांश रुग्णांची शस्त्रक्रिया झाली. शेवटच्या तपासणीच्या वेळी, शस्त्रक्रिया झालेले आणि न झालेले मिळून, ९० टक्के रुग्णांना त्रास नव्हता किंवा किरकोळ होता. जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांना मधल्या काळात दुखणे पुन्हा उद्भवले होते, तरीही शेवट बरा झाला. स्वीडनमध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ८१ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले होते : शस्त्रक्रिया, व्यायामोपचार आणि मानेचा पट्टा. सुरुवातीला शस्त्रक्रियेचा गट पुढे होता; वर्षभरानंतर तिन्ही गटांत फरक उरला नाही. स्वीडनमधल्याच नंतरच्या एका छोट्या चाचणीत मात्र पाच ते आठ वर्षांनी पाहिल्यावर व्यायामासोबत शस्त्रक्रिया झालेल्यांची मान, नुसत्या व्यायामावर राहिलेल्यांपेक्षा बरी होती. यातून मी असा निष्कर्ष काढतो की नसेच्या दुखण्यात शस्त्रक्रिया मुख्यतः वेळ वाचवते : जी कळ कदाचित महिनोन्‌महिने छळत राहिली असती, ती लवकर थांबते. तिच्याकडून पुढच्या तीस वर्षांची हमी मागणे हा तिच्यावर अन्याय आहे.

मज्जारज्जूचे तसे नाही. क्लार्क आणि रॉबिन्सन यांनी १९५६ साली १२० रुग्णांची हकिगत मांडली, तेव्हा तीन चतुर्थांश रुग्णांची अवस्था पायरीपायरीने उतरत गेलेली दिसली : काही काळ स्थिर, मग अचानक एक घसरण, पुन्हा स्थिर. ही मधली स्थिरताच रुग्णाला ‘थांबून बघू’ म्हणायला लावते. चेक प्रजासत्ताकात ब्रनो शहरातल्या कादांका यांच्या चाचणीत सौम्य त्रास असलेल्या रुग्णांमध्ये, शस्त्रक्रिया केलेले आणि न केलेले यांच्यात दहा वर्षांनंतरही ठळक फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे. पण ते रुग्ण थोडे होते आणि त्यांचा आजार सौम्य होता. ज्याचे चालणे बिघडत चालले आहे, त्याला या चाचणीचा आधार घेऊन थांबता येणार नाही.

आता शस्त्रक्रियेच्या जागेकडे वळू. मानेच्या पुढच्या बाजूने जाऊन गादी काढणे आणि दोन मणके एकमेकांशी जुळवणे ही पद्धत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले स्मिथ आणि रॉबिन्सन, तसेच होनोलुलूचे राल्फ क्लोवर्ड यांनी १९५० च्या दशकात रूढ केली; दोन्हीकडचे सविस्तर लेख १९५८ सालचे आहेत. मानेच्या सुरकुतीत छेद घेतात, श्वासनलिका आणि अन्ननलिका एका बाजूला, मोठी रक्तवाहिनी दुसऱ्या बाजूला सारतात, की मणके समोर येतात. गादी पूर्ण काढून नसेवरचा दाब मोकळा करतात. रिकाम्या जागेत पूर्वी कमरेच्या हाडाचा तुकडा ठोकून बसवत. आता बहुधा हाड भरलेला केज, म्हणजे पोकळ ठोकळा, बसवतात आणि वरून टायटेनियमची प्लेट स्क्रूने घट्ट करतात. ‘प्लेट किती वर्षे टिकेल?’ हा प्रश्न रुग्ण काळजीने विचारतात. खरे तर प्लेटचे काम काही महिन्यांचेच असते. हाड जुळेपर्यंत ती भार धरते. जुळल्यावर भार हाडच पेलते आणि प्लेट नुसती जागेवर राहते.

हाड जुळले की नाही हे एक्स-रेवर कळते. रुग्णाला मान पूर्ण खाली आणि पूर्ण वर करायला लावून दोन चित्रे काढतात. मणक्यांच्या मागच्या टोकांमधले अंतर दोन्ही चित्रांत मोजतात. फरक एक मिलिमीटरच्या आत असेल तर जोड पक्का मानतात. एका पातळीवरचे, म्हणजे दोन मणक्यांमधल्या एकाच जागेचे, ऑपरेशन असेल तर बहुसंख्य रुग्णांचे हाड जुळते. पातळ्या वाढतील तसे ते कमी होते. आणि इथे तंबाखूचा मुद्दा येतो, जो दवाखान्यात घाईघाईने सांगितला जातो आणि घरी गेल्यावर विसरला जातो. हिलिब्रँड आणि सहकाऱ्यांच्या २००१ सालच्या अभ्यासात, एकापेक्षा अधिक पातळ्यांवर स्वतंत्र तुकडे बसवलेल्या ४० धूम्रपान करणाऱ्यांपैकी २० जणांचे सर्व जोड पक्के झाले. धूम्रपान न करणाऱ्या ९१ पैकी ६९ जणांचे झाले. म्हणजे एकीकडे निम्मे, दुसरीकडे तीन चतुर्थांश. तो अभ्यास सिगारेटचा होता. पण निकोटीन तर मिसरीतही आहे, मळलेल्या तंबाखूतही आणि गुटख्यातही. विडी सोडून तंबाखू मळायला लागलेल्या माणसाने आपण सुटलो असे समजू नये. न जुळलेला प्रत्येक जोड दुखतोच असे नाही, काही रुग्णांना पत्ताही लागत नाही. तरी पहिल्या दोन वर्षांत त्याच जागी पुन्हा दुखू लागले, तर आधी संशय घ्यावा तो न जुळलेल्या जोडाचाच.

जोड पक्का झाला की ती जागा शांत झाली. तिथे गादी नाही, हालचाल नाही, त्यामुळे त्या जागेवर तोच आजार पुन्हा उद्भवायला वाव फार थोडा. उरली बाकीची मान, आणि टिकाऊपणाबद्दलचा खरा वाद इथेच आहे.

या वादातला सर्वांत जास्त उद्धृत होणारा अभ्यास क्लीव्हलंडचा. हिलिब्रँड आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली ३७४ रुग्णांचा, काहींचा तर एकवीस वर्षांपर्यंतचा, पाठपुरावा प्रसिद्ध केला. जोडलेल्या मणक्यांच्या शेजारी नव्याने त्रासदायक आजार होण्याचे प्रमाण दर वर्षी २.९ टक्के निघाले आणि दहा वर्षांचा अंदाज २५.६ टक्के. हे दोन आकडे एकमेकांशी कसे जुळतात ते नीट पाहावे. दर वर्षी शंभरातले सुमारे तीन रुग्ण आजारी पडतात, पण पुढच्या वर्षीचा हिशेब उरलेल्या सत्त्याण्णवांवर होतो, त्याच्या पुढचा त्याहून कमी लोकांवर. असे दहा वर्षे केले की एकोणतीसऐवजी पंचवीस-सव्वीस होतात. दुसरे असे की २५.६ टक्के हा नव्याने त्रास होणाऱ्यांचा आकडा आहे, दुसऱ्या ऑपरेशनचा नव्हे. त्या त्रास झालेल्यांपैकी दोन तृतीयांशाहून अधिक जणांना मात्र पुढे शस्त्रक्रिया लागली. दवाखान्यात हे दोन आकडे सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, तेव्हा रुग्णाने कोणता आकडा आपल्याला सांगितला जातो आहे ते विचारून घ्यावे.

शेजारच्या गादीची झीज जोडामुळे होते की वयामुळे? जोडामुळे होते म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद सरळ आहे : एक सांधा बंद झाला, त्याची हालचाल शेजाऱ्यांच्या वाट्याला गेली, त्यांच्यावर ताण वाढला. बेल्जियममध्ये गोफिन यांनी १८० रुग्णांना पाच वर्षांहून अधिक काळ पाहिले. ९२ टक्क्यांच्या शेजारच्या गाद्या एक्स-रेवर अधिक झिजलेल्या दिसल्या, आणि अपघातामुळे मणके जोडलेल्या तरुण रुग्णांतही तसेच दिसले. हा पुरावा वजनदार आहे, कारण त्या तरुणांच्या मानेत आधीचा आजार नव्हता. पण त्याच अभ्यासात शेजारच्या पातळीसाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागलेले रुग्ण फक्त सहा टक्क्यांच्या आसपास होते. चित्रातली झीज आणि माणसाचा त्रास यांत एवढी दरी आहे.

वयाच्या बाजूचा पुरावाही तितकाच भक्कम. जपानमध्ये नाकाशिमा आणि सहकाऱ्यांनी विशीपासून सत्तरीपर्यंतच्या, कसलाही त्रास नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले, ८७.६ टक्क्यांच्या मानेत फुगलेल्या गाद्या होत्या. म्हणजे आपल्या रिपोर्टवर ‘डिस्क बल्ज’ लिहून आले म्हणून झोप उडालेल्या माणसाच्या पंगतीला बहुतेक सगळी निरोगी माणसे बसलेली आहेत. जपानमधल्याच मात्सुमोतो आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या ६४ जणांची तुलना २०१ निरोगी लोकांशी दहा वर्षांहून अधिक काळाच्या अंतराने केली. झीज दोन्हीकडे वाढली; जोडलेल्यांत अधिक वाढली. क्लीव्हलंडच्या अभ्यासातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. अनेक पातळ्या जोडलेल्या रुग्णांत शेजारचा आजार, एकच पातळी जोडलेल्यांपेक्षा कमी आढळला. सगळा दोष वाढलेल्या ताणाचा असता तर उलटे व्हायला हवे होते. स्पष्टीकरण असे की एकच पातळी जोडली की सर्वांत लवकर झिजणाऱ्या पाचव्या-सहाव्या किंवा सहाव्या-सातव्या मणक्यांमधली गादी शेजारी उघडी राहते. अनेक पातळ्या जोडताना ती आधीच काढलेली असते. म्हणून मी असे मानतो की मूळ झीज वयाची आहे आणि जोड तिला आणखी रेटा देतो.

या रेट्यातला काही भाग सर्जनच्या हातात असतो. प्लेट शेजारच्या गादीपासून पाच मिलिमीटरच्या आत आली तर तिथे हाड वाढायची शक्यता बळावते. ऑपरेशनच्या वेळी पातळी ओळखण्यासाठी गादीत सुई घालून एक्स-रे घेतात. ती चुकीच्या गादीत गेली, तर त्या गादीची झीज होण्याचा धोका सुमारे तिपटीने वाढलेला आढळला आहे. मान पुढे वाकलेल्या स्थितीत जोडली गेली तर मागच्या स्नायूंना जन्मभर जादा काम पडते. या गोष्टी जाहिरातीत दिसत नाहीत; टिकाऊपणा ठरतो तो मात्र त्यांच्यावरच.

जोडच नको, हालणारी कृत्रिम गादी बसवू, हा विचार शेजारच्या गाद्यांवरच्या ताणाच्या काळजीतून आला. अमेरिकेत अशा पहिल्या गादीला, प्रेस्टीजला, २००७ साली परवानगी मिळाली; दोन पातळ्यांसाठी पहिली मान्यता २०१३ साली मोबी-सी या गादीला. सात ते दहा वर्षांच्या पाठपुराव्यात कृत्रिम गादीवाल्यांना पुन्हा शस्त्रक्रिया कमी लागल्या, विशेषतः दोन पातळ्यांच्या गटात. हे निष्कर्ष मी मानतो, पण राखून मानतो. चाचण्या बहुतांशी गादी बनवणाऱ्या कंपन्यांच्या पैशावर झाल्या. कोणाला काय बसवले हे सर्जनला ठाऊक होते, आणि पुन्हा ऑपरेशन करायचे की नाही हेही त्यानेच ठरवले. शिवाय जोडलेल्या रुग्णाच्या शेजारच्या गादीवर काम करताना जुनी प्लेट काढावी लागली, तर ते जुन्या जागेचेही ऑपरेशन म्हणून मोजले जाऊ शकते. काही रुग्णांत कृत्रिम गादीभोवती हाड वाढून ती आपोआप जुळूनही जाते. आणि या गादीला रुग्ण निवडून घ्यावे लागतात : मागचे सांधे झिजलेले, हाडे ठिसूळ किंवा मणके अस्थिर असतील तर ती योग्य नाही.

गादीला हात न लावता मागच्या बाजूने नसेची वाट रुंद करण्याची जुनी पद्धत आज कमी वापरली जाते, याची मला खंत वाटते. मेयो क्लिनिकच्या ३०३ रुग्णांच्या मालिकेत दहा वर्षांत शेजारच्या पातळीचा आजार ६.७ टक्के निघाला. क्लीव्हलंडच्या २५.६ शी त्याची थेट तुलना होणार नाही, कारण रुग्ण वेगळे होते. तरी बाजूने नस दाबणाऱ्या मऊ गादीसाठी हा पर्याय सर्जनने निदान बोलून दाखवायला हवा.

मज्जारज्जूवरचा दाब तीन-चार पातळ्यांवर असेल तर कमान उघडण्याची जपानी शस्त्रक्रिया पुष्कळदा करतात. हिराबायाशी यांनी १९७० च्या दशकात ती रूढ केली : मणक्यांच्या मागच्या कमानी एका बाजूने कापून, दुसऱ्या बाजूने बिजागरीसारख्या उघडायच्या, म्हणजे मज्जारज्जूला जागा होते. गुण मोजायला जपानी अस्थिशल्य संघटनेची १७ गुणांची मोजपट्टी वापरतात : हात, पाय, संवेदना, लघवी. रुग्ण ९ वरून १३ वर आला, तर हरवलेल्या आठांपैकी चार परत मिळाले, म्हणजे ५० टक्के सुधारणा. तोयामाच्या कावागुची यांनी दहा वर्षांहून अधिक काळ पाहिलेल्या रुग्णांची सरासरी सुमारे ९ वरून एका वर्षात साडेतेराच्या पुढे गेली आणि शेवटच्या तपासणीतही साधारण तिथेच होती. जपानमध्ये मज्जारज्जूसमोरचा अस्थिबंध हाडासारखा होऊन वाढत जाण्याचा आजार बराच आढळतो. ओसाकाच्या इवासाकी यांनी कमान उघडलेल्या अशा ६४ रुग्णांना दहा वर्षांहून अधिक काळ पाहिले. ७० टक्क्यांच्या मानेत ते हाड ऑपरेशननंतरही वाढत राहिले, पण त्यापायी पुन्हा बिघडले ते दोनच रुग्ण. जागा पुरेशी केली असेल तर आजार वाढूनही गुण टिकतो, याचा याहून स्पष्ट दाखला मला माहीत नाही.

पण सुरुवातीला किती मिळाले, हे वेळेवर अवलंबून राहते. उत्तर अमेरिकेतल्या १२ केंद्रांतल्या २७८ रुग्णांचा फेलिंग्ज यांचा २०१३ सालचा अभ्यास सांगतो की सौम्य, मध्यम आणि तीव्र, तिन्ही गटांत वर्षभरात सुधारणा झाली. तीव्र गटाने अधिक गुण मिळवले, तरी शेवटी तो मागेच राहिला. वर्षभर चालणे बिघडत असताना थांबलेल्या माणसाचे ऑपरेशन वीस वर्षे ‘टिकले’, तरी ते थोडक्यावरच टिकलेले असते.

मानेच्या सर्वांत वरच्या सांध्याचा हिशेब आणखी वेगळा. पहिला मणका दुसऱ्यावरून सरकण्याचा आजार आपल्या देशात बराच दिसतो, आणि त्यावरची आज जगभर वापरली जाणारी पद्धत मुंबईतली आहे. परळच्या केईएम रुग्णालयात असताना डॉ. अतुल गोयल यांनी दोन्ही मणक्यांत स्क्रू घालून प्लेटने जोडण्याचे तंत्र १९९४ साली प्रसिद्ध केले आणि २००२ साली अशा १६० रुग्णांची मालिका मांडली. जर्मनीचे हार्म्स यांनी २००१ साली त्याचे सुधारित रूप मांडल्यावर ते दोघांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. इथे मोजावी लागणारी किंमत पहिल्याच दिवशी कळते : मान वळवण्याची जवळजवळ निम्मी क्रिया याच सांध्यात असते, ती कायमची जाते. त्या बदल्यात प्रत्येक हिसक्याला धोक्यात येणारा मज्जारज्जू सुरक्षित होतो.

आपल्याकडे दहा-वीस वर्षांचे असे पाठपुरावे कमी होतात, याचे कारण रुग्णाच्या प्रवासात आहे. जळगावचा किंवा सावंतवाडीचा माणूस मुंबई-पुण्यात ऑपरेशन करून गावी जातो. बरा असला तर एवढे भाडे खर्चून परत येत नाही. बिघडला तर जवळच्या दुसऱ्या डॉक्टरकडे जातो आणि पहिल्या सर्जनच्या लेखी बरा झालेला ठरतो. परदेशी मालिकांतही हरवलेले रुग्ण असतातच. कोणत्याही टक्केवारीसमोर ‘किती जण परत आले?’ हे विचारल्याशिवाय तिला अर्थ नाही.

काही वर्षांनंतर हातात पुन्हा कळ आली, की जुन्या ऑपरेशनवर खापर फोडण्याआधी काही गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात. जुनी जागा जुळलेली आहे का, हे मान खाली-वर करून काढलेला एक्स-रे सांगेल. शेजारची गादी दाबते आहे का, हे एमआरआय सांगेल. पण तिथली झीज आणि कळ जाणारे बोट जुळले पाहिजे. रात्री हात बधिर होऊन झटकावा लागत असेल तर नस मनगटात दाबली असू शकते, आणि मधुमेह्यांत ते वारंवार होते. हात वर नेताना दुखत असेल तर खांदा तपासावा. पाय लटपटत असतील तर कमरेच्या मणक्यांतली अरुंद वाट पाहावी. मान आणि कंबर दोन्हीकडे अरुंद असलेले रुग्ण कमी नाहीत. यासाठी जुन्या ऑपरेशनचा डिस्चार्ज कागद, कोणत्या पातळ्यांवर काय बसवले त्याची नोंद आणि आधीचे एमआरआय घरात जपून ठेवलेले असावेत, आणि दहा सेकंदांच्या मुठीचा आकडा दर सहा महिन्यांनी त्याच कागदावर तारखेसह लिहिलेला असावा.